तिसऱ्या रविवारचे तीन टॅब

नवा ब्राउझर आमच्या घरी आला तो एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतून. मी तेव्हा वालीवला एका छोट्या कारखान्यात कामाला होते. तिथे बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनत आणि मी ऑफिसात बसून त्या झाकणांची ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर काढायची. शेजारच्या टेबलावरचे इंजिनिअर दर महिन्याला कॉम्प्युटरचं मासिक घेत आणि वाचून झालं की सीडी माझ्याकडे सरकवत. "हा टाकून बघा," ते म्हणाले, "जुन्याचं नाव काढणार नाही तुम्ही." मला असल्या खात्रीचा राग येतो. जुन्याने माझं काय घोडं मारलं होतं? पण फुकट ते पौष्टिक, म्हणून सीडी पर्समध्ये टाकली आणि स्कूटीवरून घरी आले.

घर वसईच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या आळीत. मागे केळी आणि मोगऱ्याची वाडी. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. बाबा आखातात नोकरीला होते, वर्षातून एकदा महिनाभर यायचे. त्यांच्याशी ईमेलने बोलता यावं म्हणूनच कॉम्प्युटर घेतला होता आणि तो पुढच्या खोलीत, आल्ताराच्या म्हणजे आमच्या देव्हाऱ्याच्या शेजारी, क्रोशाच्या कव्हराखाली असायचा. इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं. ते चालू असलं की आमचा फोन लागायचा नाही, आणि फोन लागला नाही की पलीकडच्या आळीतली आत्या स्वतः चालत यायची, घरी सगळे ठीक आहेत ना ते बघायला.

नवा ब्राउझर टाकला आणि पहिल्या दिवशी मला तो मुळीच आवडला नाही. सगळी बटणं दुसऱ्याच जागी. एक-दोन साइट्स तर अशा दिसल्या की जणू भूकंपात कपाट पडलंय, चित्र एकीकडे, मजकूर दुसरीकडे. बँकेच्या साइटने तर चक्क पाटीच लावली, की जुन्या ब्राउझरमधून या. मी मनातल्या मनात इंजिनिअरसाहेबांचा उद्धार केला. पण दुसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. घरात शांतता होती. जुन्या ब्राउझरमध्ये एक पान उघडलं की मागून चार खिडक्या उड्या मारत यायच्या, तुम्ही बक्षीस जिंकलात, तुम्ही भाग्यवान आहात. आईने एकदा गंभीरपणे विचारलंही होतं की एवढी बक्षिसं आपल्यालाच का. नव्यात त्यातलं एकही येईना.

आणि टॅब. आज कोणाला सांगितलं तर हसतील, पण एकाच खिडकीत वर ओळीने पानं लावून ठेवता येतात, ह्या एवढ्याशा गोष्टीने मी हरखून गेले होते. आमची लाइन इतकी संथ की एक पान उघडेपर्यंत भात शिजायचा. आता मी एक पान वाचता वाचता पुढची तीन मागे उघडत ठेवायची, मग लाइन तोडायची आणि सावकाश सगळी वाचायची. फोनही मोकळा, आत्याही निर्धास्त. आठवडाभरात मी अशी बाटले की ऑफिसात जो भेटेल त्याला हेच सांगू लागले. नवा बाटगा दहा वेळा बांग देतो म्हणतात, तशातली गत.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

आई तीस वर्षं मराठी शाळेत बाई होती. निम्म्या गावाला तिने वाचायला शिकवलं, मलाही. आणि गेली वीस-बावीस वर्षं ती चर्चमध्ये वाचक होती. आमच्याकडे रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेला, बायबलमधलं पहिलं वाचन गावातली माणसंच करतात. त्यांची पाळी लागते, यादी चर्चच्या दाराशी चिकटवलेली असते, आणि आईची पाळी साधारण दोन-अडीच महिन्यांनी यायची. ती पाळी असली की आदल्या दिवशी ती साडी इस्त्री करून ठेवायची, आलं चघळायची आणि कोणाशी भांडायची नाही. वेदीशेजारच्या स्टँडवर मोठा वाचनग्रंथ उघडा असतो. त्यावर ती दोन्ही हात टेकायची, मान वर करून एकदा सगळ्यांकडे बघायची आणि मग सुरुवात करायची. तिचा आवाज फार गोड होता असं नाही. पण ती वाचायला लागली की मागच्या बाकावरची खुसपूस थांबायची, कारण मागच्या बाकावर तिचेच विद्यार्थी असायचे.

त्या पावसाळ्यानंतर मात्र लागोपाठ दोन पाळ्या तिने चुकवल्या. एकदा घसा, एकदा कंबर. मला काही संशय आला नाही. आईची कंबर हा आमच्या घरातला जुना विषय होता. मग एका सकाळी ती पडवीत पेपर घेऊन बसली होती. मी स्कूटी पुसता पुसता विचारलं, काय म्हणतोय पेपर? तिने दोन बातम्या सांगितल्या. दोन्ही आदल्या दिवशीच्या, मी रेडिओवर ऐकलेल्या. मी जवळ जाऊन बघितलं तर हातातला पेपरही आदल्या दिवशीचाच होता. आजचा दारात तसाच पडला होता.

पेपरची घडी घालत ती म्हणाली, "अक्षर दिसत नाही गं. मथळासुद्धा नाही दिसत आता."

साखर होती तिला दहा वर्षांपासून, आणि पथ्याच्या नावाने आनंद. डोळ्यांचा पडदा बिघडला होता. मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी लेझर केलं आणि स्पष्ट सांगितलं, साखर सांभाळलीत तर आहे तेवढी नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही. घरी येताना रिक्षात ती फक्त एवढंच बोलली, "फादरना सांगायचं नाही. कोणालाच सांगायचं नाही."

"का? त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"यादीतून नाव काढतील. प्रेमाने काढतील. तेच मला नकोय."

मी चिडले. मी म्हटलं, मी वाचून दाखवते, तू ऐकून पाठ कर. ह्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तिसरीत गेले. ऐकून पाठ करणं म्हणजे पोपटपंची, वाचन नव्हे. आयुष्यभर मुलांना तिने हेच सांगितलं होतं. भिंग आणलं, पण भिंगात एका वेळी अर्धाच शब्द मावायचा आणि दोन ओळींत तिला चक्कर यायची. चर्चमधून येणारं रविवारच्या वाचनांचं पत्रक मोठं करून झेरॉक्स काढू म्हटलं, तर झेरॉक्सवाला तिचाच विद्यार्थी, संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. फेब्रुवारीत तिची पुढची पाळी होती. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला तिसरा रविवार. तिसऱ्यांदा कारण सांगितलं असतं तर यादी करणाऱ्याने आपणच नाव गाळलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

अशा दिवसांत एका संध्याकाळी मी बाबांचं ईमेल उघडलं होतं. बाबा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. आई खुर्चीत बसून मी वाचून दाखवायची वाट बघत होती. कीबोर्डवर माझ्या हातून कंट्रोल आणि अधिकचं बटण एकत्र दाबलं गेलं, चुकूनच, आणि पानावरचं अक्षर एका पायरीने मोठं झालं. मी पुन्हा दाबलं. आणखी मोठं झालं. जुन्या ब्राउझरमध्ये मी हे करून पाहिलं होतं. तिथे मेनूत 'सर्वात मोठं' म्हणून एक पर्याय होता, पण निम्मी पानं त्याला दादच देत नसत. इथे मी दाबत गेले आणि अक्षर फुगत गेलं.

"थांब," आई म्हणाली. ती खुर्ची पुढे ओढत होती. "अजून एकदा कर."

मी केलं. ती पडद्यापासून वीतभर अंतरावर येऊन, एकेक शब्द सोडवत, वाचू लागली. बाबांनी विचारलं होतं, केळीला घड धरले का, आणि बजावलं होतं की आईने औषध वेळेवर घ्यावं. औषधाचं वाक्य तिने दोनदा वाचलं. मला आनंद झाला. त्या संध्याकाळी मी अगदी सरळ, साधी, पोटातून खूश होते, आणि इंजिनिअरसाहेबांना मनातल्या मनात सगळं माफ करून टाकलं.

मराठीचं तेवढं सोपं नव्हतं. रविवारची वाचनं मराठीत देणारी एक साइट मला सापडली होती. कोण्या हौशी माणसाने एकट्याने बसून सगळी टाईप केली होती. पण ती साइट तिच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये होती. जुन्या ब्राउझरमध्ये मराठी नीट दिसायची, पण अक्षर मोठं होत नव्हतं. नव्यात अक्षर हवं तेवढं मोठं व्हायचं, पण मराठीच्या जागी टिंबं, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. एकाकडे दात होते, दुसऱ्याकडे चणे. मी दोन संध्याकाळी त्या मेनूत डोकं घातलं. साइटच्या तळाशी फॉन्ट उतरवून घेण्याची सोय होती. तो उतरवला, कॉम्प्युटरवर बसवला, मग सेटिंगमध्ये कुठे कुठे काय काय बदललं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. तिसऱ्या संध्याकाळी खिचडीतून एकदम मराठी उमटली. मी आईला हाक मारली. कंट्रोल, अधिक, अधिक, अधिक. एका ओळीत तीन शब्द राहिले आणि तिला ते दिसले.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी कामावरून आले की चहाच्या आधी कॉम्प्युटर चालू करायची. लाइन जोडायची, पान उघडायचं, लाइन तोडायची. मग आई बसायची. तीन शब्द वाचायचे, बाण दाबून खाली जायचं, पुढचे तीन शब्द. बाण कुठे आहे ते तिच्या बोटांना कळून चुकलं होतं. असं वाचून वाचून तिचं वाचन पाठ झालं. मी जरा खोचकपणे म्हटलंही, "मग ही पोपटपंची नाही का?" ती म्हणाली, "मी माझ्या डोळ्यांनी वाचून पाठ केलंय. ऐकून नाही." तिचा बेत असा होता की चर्चमध्ये ग्रंथ समोर असेल, ती त्याच्या ओळींवरून बोट फिरवेल आणि पाठ आहे ते म्हणेल. कागद हातात घेऊन जायची तिची तयारी नव्हती. कागद दिसला की सगळ्यांना कळलं असतं.

आता घोटाळा कुठे झाला ते सांगते. आमच्या रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, अ, ब आणि क. त्याच रविवारी दर वर्षी वेगळं वाचन, आणि तीन वर्षांनी पुन्हा पहिलं. त्या साइटवर तिन्ही वर्षांची पानं होती, आणि मला नव्या टॅबचं एवढं कौतुक की मी तिन्ही उघडून ओळीने लावून ठेवली होती. म्हटलं, आईला हवं तर तिन्ही वाचू दे. टॅबवर पानाचं नाव येतं. पण टॅब अरुंद आणि नाव लांब. 'उपवासकाळ, तिसरा रविवार' एवढं दिसायचं आणि पुढचं कापलं जायचं. अ, ब, क हे अक्षर नेमकं त्या कापलेल्या भागात होतं. तिन्ही टॅब दिसायला जुळी भावंडं. पहिल्या दिवशी मी त्यातला एक उघडून दिला आणि रोज तोच उघडत गेले.

तो रविवार उजाडला. आईने बदामी रंगाची साडी नेसली. मी पुढून चौथ्या बाकावर बसले होते, हातात आदल्या दिवशी घरी आलेलं आणि मी तोवर न उघडलेलं चर्चचं पत्रक. पत्रकात वाचन होतं ते रानात तहानलेल्या लोकांना खडकातून पाणी मिळतं, त्याचं. आई स्टँडपाशी गेली, दोन्ही हात टेकले, मान वर करून सगळ्यांकडे बघितलं आणि सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात मेंढ्या आल्या, डोंगर आला. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात पेटलेलं झुडूप आलं, जे जळत असूनही जळून जात नाही.

मी पत्रक पुन्हा पाहिलं. ते दुसऱ्याच वर्षाचं वाचन होतं.

आईचं बोट ग्रंथावरून संथपणे सरकत होतं. बोटाखाली पाण्याची गोष्ट आणि तोंडात आगीची. ती कुठेही अडली नाही. स्वर, विराम, श्वास, सगळं जागच्या जागी. शेवटचं ठरलेलं वाक्य तिने म्हटलं, लोकांनी ठरलेलं उत्तर दिलं, आणि ती येऊन माझ्या शेजारी बसली. चेहरा असा फुलला होता की मी पत्रक घडी करून पर्समध्ये टाकलं. पुढचं गीत पाण्याचं, शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, तो जिच्याकडे पाणी मागतो त्या विहिरीवरच्या बाईचं. फादरांनी प्रवचनाला सुरुवात करण्याआधी एकदा ग्रंथाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि पाण्यावरच बोलले.

मिस्सेनंतर अंगणात बायका आईभोवती जमल्या. बाई, किती दिवसांनी तुमचा आवाज ऐकला. बाई, घसा बरा झाला वाटतं. पत्रक शंभर जणांच्या हातात होतं आणि एकालाही काही खटकलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात पाचूबंदरचे एक म्हातारे तांडेल काठी टेकत आले. उभं आयुष्य त्यांनी होडी चालवली होती, आता दर रविवारी पहिल्या बाकावर बसायचे. ते आईला म्हणाले, "बाई, आज पान्याचा वाचन होता ना? झुडूप कुठशी आला?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

 घरी आल्यावर मी कॉम्प्युटर लावला, तिन्ही टॅबची नावं पूर्ण उघडून वाचली, आणि चूक माझी, शंभर टक्के माझी, हे मला तिला सांगावं लागलं. मी रागाने ब्राउझरच काढून टाकायला निघाले. नव्याची हौस पुरे झाली म्हटलं. "त्याला हात लावू नकोस," आई म्हणाली. "त्याने अक्षर दाखवलं. पान चुकीचं तू दाखवलंस." आणि ती आत जाऊन पालेभाजी निवडायला बसली. मी बाहेर बसून रडकुंडीला आले. मला वाईट वाटत होतं ते चूक झाल्याचं नाही. तिचा तो फुललेला चेहरा तांडेलांच्या एका प्रश्नाने मावळलेला मी पाहिला होता, त्याचं.

 बुधवारी संध्याकाळी आई म्हणाली, स्कूटी काढ, फादरांकडे जायचंय. मी म्हटलं, कशाला? कोणाच्या लक्षात आलं नाही. ती म्हणाली, "एकाच्या आलं ना. आणि माझ्याही."

फादर ऑफिसात होते. आईने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, की नजर गेली आहे, घसाही खोटा, कंबरही खोटी, आणि रविवारी तिने ग्रंथातलं एक अक्षरही वाचलं नव्हतं. फादर ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, मी तीन दिवस समजतोय की मीच खुणेची रिबीन चुकीच्या पानाला लावली. काल सगळे ग्रंथ काढून तपासले." मग त्यांनी विचारलं, "मग तुम्ही बोट कशावरून फिरवत होतात?"

"ओळींवरून. ओळी अंधुक दिसतात."

फादर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. ते म्हणाले, यादीतलं नाव तसंच राहील. मोठ्या अक्षरात कागदावर छापून आणा, ग्रंथावर ठेवा आणि वाचा. आई म्हणाली, लोकांना दिसेल. ते म्हणाले, दिसू द्या. आईने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मेचा तिसरा रविवार तिच्या नावावर होता. "तोवर कळवते," एवढंच म्हणून ती उठली. परत येताना ती मागच्या सीटवर बसून माझा खांदा घट्ट धरून होती.

शनिवारी दुपारी तांडेल आमच्या दारात. हातात सुक्या बोंबलांची जुडी. बाईंना सगळ्यांदेखत टोकलं, त्याचं त्यांना वाईट वाटत होतं. सुनेनेही घरी हजेरी घेतली होती म्हणे. आई म्हणाली, "तुम्ही बरोबर होतात. पण शंभर माणसांत तुमच्याच कसं लक्षात आलं?"

ते पडवीच्या कठड्यावर टेकले. काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली. "मना पत्रक दिसत नाय, बाई. सून शनवारी वाचून दाखवते. तो मी डोक्यान ठेवतो. आयतवारी पत्रक हातान धरतो नुसता, लोक बघतात म्हनून." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पाच वर्सां झाली. घरच्याशिवाय कोनाला ठाव नाय."

 आई मोठ्याने हसली. एवढी की शेजारची बाई कुंपणाशी आली. दोघंही बाकांवर पत्रकं धरून बसायची, एक पुढे, एक मागे, आणि दोघांनाही दुसऱ्याबद्दल पक्की खात्री होती की त्याला दिसतं. तिने त्यांना आपलं सगळं सांगितलं, घशासकट. आणि मला म्हणाली, "लाव गं तुझं ते. योग्य पान लाव."

मी तीनदा तपासून लावलं. तांडेल कॉम्प्युटरसमोर खुर्चीच्या अगदी कडेला बसले, आल्तारासमोर बसावं तसे. मी अक्षर मोठं केलं. "अजून." मी केलं. "अजून, गो." शेवटी पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावू लागला. ते चौथीपर्यंत शिकले होते आणि पाच वर्षांत स्वतःहून काही वाचलं नव्हतं. त्यांचं बोट पडद्याला टेकलं. ते एकेक अक्षर जोडत गेले आणि मी खालचा बाण दाबत गेले. लोक तहानले. लोक कुरकुर करू लागले. अर्ध्या तासात खडकापर्यंत पोहोचलो. पाणी निघालं तेव्हा त्यांनी बोट काढलं, धोतराच्या सोग्याने काचेवरचा डाग पुसला आणि म्हणाले, "पुढल्या आयतवाराचा पन हाय काय यात?"

आई त्यांच्या मागे उभी राहून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर तिने बोंबील डब्यात भरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फादरांना सांग, कागद आणते म्हणून."

मग तांडेल दर शनिवारी येऊ लागले. त्यांच्याबरोबर एकदा त्यांची विहीण आली, मग आमच्या आळीतली एक मावशी, जी गेली कित्येक वर्षं प्रार्थनेचं पुस्तक एकाच पानावर उघडून धरायची. आईने त्यांना रांगेत बसवलं, शाळेत बसवायची तसं, आणि कोणी मध्ये बोललं की टोकायची. आत्याने एकदा येऊन विचारलं, फोन का लागत नाही. तिलाही खुर्ची दिली.

मेमधल्या त्या रविवारचे कागद मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापले, इंजिनिअरसाहेबांना विचारून. छापतानाही तो ब्राउझर अक्षर मोठं करून देत होता. दहा ओळींच्या वाचनाचे अकरा कागद झाले. आईने ते घरी एकदाच पाहिले, आणि मुद्दाम पाठ केले नाहीत. मी विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते. म्हणून तर वाचणार."

तिने कागदांचा गठ्ठा उघडपणे हातात घेतला आणि स्टँडपाशी गेली. ग्रंथावर ठेवला. मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. चर्चमध्ये थोडी चुळबुळ झाली, कोणीतरी कोणाच्या तरी कानात बोललं. तिने सुरू केलं. हळू, नेहमीपेक्षा खूप हळू. माइकमधून प्रत्येक कागदाची सळसळ सगळ्या चर्चभर ऐकू येत होती. चौथ्या कागदावर एक मोठा जोडाक्षराचा शब्द आला आणि ती अडखळली. थांबली. खाली वाकली, तो शब्द पुन्हा बघितला, तोडून तोडून वाचला, मग सगळं वाक्य पहिल्यापासून नीट वाचून काढलं.

पाठ केलेलं असं अडखळत नाही. मला एकदम रडू आलं. पत्रक तोंडापुढे धरून मी रडत होते, आणि शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना वाटलं, आई चुकली म्हणून मला वाईट वाटतंय. आई तिकडे त्याच संथ चालीने वाचत होती, आणि अजून सात कागद बाकी होते.